ऑपरेशनचा सव्वा महिना

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना असतो. कोकणातल्या गरिबातल्या गरीब घरातही हा सव्वा महिना कसाबसा का होईना पाळला जायचा. शेगडीचा शेक, अंगाला तेल, अळिवाची खीर, जमलं तर डिंकाचे लाडू, नाही तर निदान मेथी आणि गरम पेज. तिनं विहिरीवर जायचं नाही, जड उचलायचं नाही, गार पाण्यात हात घालायचे नाहीत. यातल्या काही गोष्टींना वैद्यकाचा आधार आहे, काहींना नाही. पण त्यामागची समजूत पक्की होती. या बाईच्या शरीरानं मोठा ताण सोसलेला आहे, तिला सावरायला वेळ लागणार, आणि तो वेळ तिला मिळवून देणं हे घरातल्या बाकीच्यांचं काम आहे.

गेल्या साठ वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरोघरी बाईच्या आयुष्यात आणखी एक प्रसंग आला. कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं तरी वाडीत सगळ्यांना कळतं की कुठलं. 'तुझं ऑपरेशन झालं का?' असा प्रश्न विहिरीवर सहज विचारला जातो. पण या ऑपरेशनला सव्वा महिना काही मिळाला नाही. त्याचा विधी नाही, त्याचे लाडू नाहीत, त्यासाठी माहेरी जाणं नाही.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, कायदे, सनावळ्या. निवृत्त झाल्यावर मी आसपासच्या वाड्यांमधल्या पडव्यांवर बसून बायकांना या एका गोष्टीबद्दल विचारू लागले. ऑपरेशन कधी झालं, घरी कशा आलात, नंतर काय झालं. ऑपरेशनची तारीख बऱ्याच जणींना आठवत नव्हती. घरी आल्यावर पहिली कळशी कधी उचलली, ते मात्र जवळजवळ प्रत्येकीला आठवत होतं. इतिहासाच्या पुस्तकात या आठवणींना जागा नाही. ती असायला हवी असं मला वाटतं, म्हणून आजचं हे बोलणं.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे आपल्याला महर्षी म्हणून माहीत आहेत. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेली. थोरला मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे गणिताचा प्राध्यापक झाला आणि १९२१ साली त्यानं मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला तेही वर्ष १९२१च. कर्व्यांना या कामापायी १९२५ साली नोकरी सोडावी लागली. १९२७च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, त्यातल्या मजकुरावरून खटले झाले, दंड झाले, तरी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते मासिक काढत राहिले. पत्नी मालतीबाईंनी त्यांना साथ दिली.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली जात. साधे, संकोचाचे, कुणाला विचारता न येणारे प्रश्न. कर्वे त्यांना सरळ उत्तर देत. साधन नुसतं हातात देऊन भागत नाही, ते वापरताना माणसाला शंका येणार, त्रास होणार, भीती वाटणार, आणि त्याला कुणीतरी उत्तर द्यायला बसलेलं असलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे सरकारनं काम हाती घेतलं तेव्हा साधनं आली, पैसा आला, माणसं आली. उत्तर देणारं माणूस मात्र फार थोड्या ठिकाणी पोहोचलं.

सरकारी कार्यक्रम सुरू झाला १९५२ साली. देशपातळीवर असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश मानला जातो. पहिली बारा-तेरा वर्षं काम सावकाश चाललं होतं. मग १९६५ साली लूप आला. अमेरिकेतल्या बफेलो शहरातले डॉक्टर जॅक लिपीज यांनी तयार केलेली ही प्लॅस्टिकची वेडीवाकडी वळी. गर्भाशयात बसवायची आणि विसरून जायचं, असं तिचं वर्णन होत असे. १९६५-६६ या वर्षात देशभर आठ लाखांहून अधिक लूप बसवले गेले, पुढच्या वर्षी नऊ लाखांच्या वर. आणि मग आकडा घसरला. १९६८-६९ मध्ये तो पाच लाखांच्याही आत आला.

घसरला कशामुळे? लूप बसवल्यावर पहिले काही महिने अनेकींना पाळीत जास्त अंगावरून जातं, ओटीपोटात कळा येतात, काहींचा लूप आपोआप निघून येतो. हे तेव्हाही ठाऊक होतं. ज्या बाईला हे आधी सांगितलं, जिची महिन्याभरानं पुन्हा तपासणी केली, रक्त कमी असेल तर गोळ्या दिल्या, तिचं बहुधा निभावलं. पण बसवणारं पथक जीपनं यायचं आणि संध्याकाळी निघून जायचं. चार दिवसांनी जास्त जाऊ लागलं तर विचारायचं कुणाला? मग वाडीनंच आपली उत्तरं तयार केली. लूप पोटात वर चढतो, काळजापर्यंत जातो, नवऱ्याला लागतो. या अफवांना त्या काळच्या अहवालांत अडाणीपणा म्हटलं गेलं. मला वाटतं, जिथे माहिती पोहोचत नाही तिथे माणसं आपल्या त्रासाचा अर्थ आपल्या परीनं लावतात, त्याचंच ते उदाहरण होतं. पुढे लूप गेला आणि तांब्याची तार गुंडाळलेली कॉपर-टी आली. बायकांनी तिला 'तांबी' हे नाव दिलं. तांबीनंही पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाऊ शकते. पण लूपचं नाव एकदा खराब झालं ते झालंच. आजही तांबी म्हटलं की आमच्याकडे कुणाच्या तरी सासूबाईंच्या लूपची गोष्ट निघते.

लूपनंतर भर आला शस्त्रक्रियेवर, आणि आधी तो पुरुषांवर होता. १९६७ साली मुंबईत महापालिकेच्या डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं उघडली. गाडीतून उतरायचं, पंधरा-वीस मिनिटांत शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि पुढच्या गाडीनं जायचं. मुंबईतल्या गिरण्यांत आणि गोदीत आपले चाकरमानी हजारोंनी होते, त्यांच्याही रोजच्या वाटेवर ती स्थानकं होती.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ब्याऐंशी लाखांच्या वर शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या बासष्ट लाखांच्या आसपास पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळानं तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढंच. १९७७च्या निवडणुकीत काय झालं ते आपण जाणतोच. पण त्या निवडणुकीचा एक परिणाम आपण फारसा बोलत नाही. १९७७-७८ मध्ये देशातल्या एकूण शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांवर आल्या, आणि त्यातल्या पुरुषांच्या दोन लाखांहून कमी होत्या. बाकी सगळ्या बायकांच्या. पुरुष संतापले, त्यांचं मत मोजलं गेलं, आणि कार्यक्रम त्यांच्या अंगावरून उठून बायकांच्या अंगावर जाऊन बसला. तो आजतागायत तिथेच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पतीची नसबंदी झालेली जोडपी होती ०.३ टक्के. महाराष्ट्रात स्त्रियांचं प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं. वास्तविक दोन्हींमध्ये पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी. तिच्यात पोट उघडावं लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, २०११ साली ११२२. बाकी महाराष्ट्रात बायकांची संख्या कमी आणि इथे जास्त, याचं कारण उघड आहे. पुरुष मुंबईला. ते गणपतीला आणि शिमग्याला येणार, आठ-पंधरा दिवस राहणार आणि जाणार. मनीऑर्डर येणार, पण पाणी, जळण, गुरं, शेती, म्हातारी माणसं, पोरांच्या शाळा हे सगळं बाईवर. अशा घरात 'ऑपरेशन कुणी करायचं' या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असे. त्याला मुंबईत खाडा करून चालत नाही, त्याची ताकद जाईल, तो कमावता आहे. कमावता तो, म्हणून जपायचा तो. राबणारी ती, म्हणून कापायची तीच. हा हिशेब कुणी बोलून दाखवला नाही, पण घराघरांत तो असाच मांडला गेला.

आणि तरीही, हे आवर्जून सांगते, मला भेटलेल्या बायकांपैकी बहुतेकींना ऑपरेशन हवं होतं. चौथं, पाचवं बाळंतपण नको होतं. आईला, मावशीला, जावेला बाळंतपणात जाताना ज्यांनी पाहिलं त्यांना या ऑपरेशनची किंमत ठाऊक होती. 'सुटले बाई' हा शब्द मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकला. राधाबाईंच्या वाट्याला ही सुटका नव्हती. तेव्हा या कार्यक्रमाला सरसकट दोष द्यायचा माझा हेतू नाही. मला विचारायचं आहे ते सुटकेच्या दुसऱ्या दिवसापासूनचं.

शिबिरं बहुधा हिवाळ्यात आणि मार्चअखेरीच्या आत व्हायची. मार्चअखेर म्हणजे उद्दिष्ट पुरं करण्याची घाई. त्या काळी आम्हा शिक्षकांनाही केसेस आणायला सांगत. बाईला 'केस' म्हणत, हे लक्षात घ्या. आता कोकणातला हिवाळा म्हणजे काय? भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते, म्हणून वरवर पाहता सवड. पण भाजावळीसाठी कवळं तोडायची ती तेव्हाच, पातेरा गोळा करायचा तो तेव्हाच, पावसाळ्याचं जळण भरायचं ते तेव्हाच. फाल्गुन लागला की विहिरींचं पाणी खाली जातं आणि पाखाडी उतरून लांबून कळश्या आणाव्या लागतात. म्हणजे ऑपरेशनला सोयीचा जो हंगाम ठरला तो डोक्यावरून भारे वाहण्याचा हंगाम होता. नर्सबाई सांगायच्या, आठवडाभर तरी जड उचलू नका. एक आजी मला म्हणाल्या, 'बाई, सरकारनं नळी बांधली, पण कळशी कोणी उचलायची ते नाय सांगितलंन.'

माझं स्वतःचं ऑपरेशन १९८४ साली झालं. दुर्बिणीचं. पोटावर बेंबीजवळ एक लहानसा छेद घेऊन त्यातून नळी आत घालतात आणि बीजवाहिन्यांवर रबरासारखी कडी चढवतात. संध्याकाळी घरी आले. रात्री पोट दुखण्याऐवजी उजवा खांदा असा दुखू लागला की हात वर उचलवेना. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा! सासूबाई म्हणाल्या, झोपताना अवघडला असेल. जाऊबाई म्हणाल्या, वात आला. मी मात्र रात्रभर एकाच विचारात होते, की आत काहीतरी भलतंच कापलं गेलं.

खरं कारण साधं होतं. दुर्बिणीतून दिसावं म्हणून पोटात वायू भरतात. तो थोडा आत राहतो आणि वर सरकून छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना एकाच भागातल्या नसांतून येते, म्हणून मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. दोन-तीन दिवसांत वायू शोषला जातो आणि दुखणं थांबतं. हे वाक्य सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते मला कुणी सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी एका पुस्तकात वाचलं. नंतर पडव्यांवर बसून विचारलं तेव्हा कळलं की दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्या कितीतरी जणींनी त्या दोन रात्री मरणाच्या भीतीत काढल्या होत्या.

खांदा दोन दिवसांचा. कंबरेचं तसं नाही. 'ऑपरेशन झाल्यापासून कंबर धरली ती धरली' हे वाक्य आपल्या जिल्ह्यात ऐकलं नाही असा माणूस नसेल. त्यापाठोपाठ पाळी बिघडल्याची तक्रार, जास्त जाणं, पांढरं जाणं, चक्कर, अशक्तपणा. या तक्रारी घेऊन बाई गेली की तिला दोन उत्तरं मिळत. घरी सांगत, सगळ्यांचंच होतं. दवाखान्यात सांगत, ऑपरेशनचा आणि याचा संबंध नाही, मनातून काढून टाका.

दवाखान्याचं उत्तर निव्वळ चुकीचं होतं असं म्हणता येत नाही. या शस्त्रक्रियेत बीजवाहिनी बंद होते, बीजकोश जागच्या जागी काम करत राहतो, संप्रेरकं तशीच स्रवतात. अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांची पाच वर्षं पाहणी केली गेली. २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाळीचा त्रास शस्त्रक्रियेमुळे वाढतो असं त्यात दिसलं नाही; उलट रक्तस्राव आणि वेदना थोड्या कमीच झालेल्या आढळल्या, पाळीची अनियमितता मात्र किंचित वाढलेली होती. पाठीतल्या सुईनं जन्माची कंबरदुखी लागते या समजुतीलाही वैद्यकात आधार मिळालेला नाही. सुईची जागा काही दिवस दुखते, एवढं खरं.

मग या सगळ्या बायका खोटं बोलत होत्या का? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातच शोधलं गेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि जगभर त्याची चर्चा झाली. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरीनं एकेकीला तीनहून अधिक. आणि त्याआधी कधी तपासणी व उपचार मिळालेल्या होत्या केवळ आठ टक्के. संततिनियमनाची साधनं वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये हे आजार काहीसे अधिक दिसले, पण एकूण आजारांपैकी अगदी थोड्यांचाच उलगडा त्यातून होत होता. बाकी सगळे आधीपासून अंगावर काढलेले.

मला या अभ्यासानं बरंच समजावलं. आपल्या बाईच्या अंगात जंतुसंसर्ग होता, रक्त कमी होतं, चार बाळंतपणांनी पोटाचे स्नायू सैल पडलेले होते, डोक्यावर रोजचा भार होता. यातलं काहीही ऑपरेशनच्या टेबलावर चढण्यापूर्वी कुणी पाहिलं नाही. कित्येकींचं ऑपरेशन बाळंतपणानंतर लगेच झालं. अंगावर पाजत असताना पाळी येत नाही. काही महिन्यांनी ती परत आली ती जरा वेगळी वाटली, आणि मधे आठवणीत राहणारी गोष्ट एकच होती, ऑपरेशन. तेव्हा दोष तिथे गेला. पण एक विचार करा. आयुष्यात त्या एकाच दिवशी तिला सरकारी गाडीतून नेलं, डॉक्टरनं हात लावला, नावनिशी नोंदवली. त्यापूर्वी आणि त्यानंतर तिच्या पोटाची चौकशी करायला कुणीही आलं नाही. तिनं सगळ्या दुखण्यांचा हिशेब त्या दिवसाच्या नावे लिहिला, यात नवल ते काय?

या बायकांनी निभावलं कसं, तेही सांगितलं पाहिजे. तव्यावर कापड तापवून कंबर शेकली. जुन्या लुगड्याचा पट्टा करून पोट घट्ट बांधलं. नाचणीची आंबील आणि कुळथाची पिठी यांवर अंग धरलं. नाचणीनं आणि कुळथानं थोडंफार लोह दिलंही असेल. शेजारणींनी आपसात पाळ्या लावल्या. एका वाडीत मला कळलं की ज्या वर्षी पाच जणींची ऑपरेशनं झाली त्या वर्षी उरलेल्या जणींनी आठवडाभर त्यांच्या घरचं पाणी भरलं. कुणी ठराव केला नाही, कुणी मंडळ काढलं नाही. एका घरात आजेसासूबाईंनी सरळ जाहीर केलं होतं की पोट कापलं म्हणजे बाळंतपणच झालं, आणि नातसुनेला सव्वा महिना खाटेवरून उतरू दिलं नाही. ती नातसून आज साठीची आहे. तिची कंबर दुखते का, असं मी विचारलं. 'दुखते की,' ती हसून म्हणाली, 'पण ऑपरेशननं नाही, वयानं.'

ज्या तक्रारी कुणी ऐकल्या नाहीत त्या पुढे कुठे जातात, ते बीड जिल्ह्यानं दाखवलं. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आढळतं. यामागे ऊसतोडीच्या खाड्याचा दंड आहे, मुकादमाची उचल आहे, खासगी डॉक्टरांचा लोभ आहे. पण एक वाक्य आपल्या ओळखीचं आहे: 'मुलं झाली, ऑपरेशन झालं, आता पिशवीचं काय काम?' अंगावरून जाणं, पोट दुखणं यावर साध्या तपासणीनं, गोळ्यांनी उपाय होण्यासारखा असताना पिशवीच काढून टाकायची. आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याच्या वयाचे सगळे त्रास सुरू होतात. हाडं ठिसूळ होऊ लागतात. एका त्रासावरचा उपाय म्हणून दुसरा, त्याहून लांबचा त्रास. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं.

न्यायालयाला याआधीही हात घालावा लागला होता. २००५ साली रमाकांत राय यांच्या याचिकेवर त्यानं डॉक्टरांची पात्रता, ऑपरेशनपूर्वीची तपासणी आणि नुकसानभरपाई यांचे नियम करायला लावले. त्याच वर्षी आलेल्या विमा योजनेत मृत्यू, अयशस्वी शस्त्रक्रिया आणि गुंतागुंत या तिन्हींसाठी भरपाई ठेवली गेली. गुंतागुंतीवरच्या उपचाराचा खर्च धरला तो दवाखान्यातून घरी सोडल्यापासून साठ दिवसांपर्यंतचा. काहीच नव्हतं त्यापेक्षा साठ दिवस चांगलेच. पण २०१२ साली बिहारमध्ये अररिया जिल्ह्यात एका शाळेच्या बाकांवर, बॅटरीच्या उजेडात, दोन तासांत त्रेपन्न बायकांची ऑपरेशनं झाली. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरांनंतर तेरा स्त्रिया दगावल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर १४ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयानं निकाल दिला, की शिबिरांची ही पद्धत तीन वर्षांत बंद करा आणि दवाखान्यांतच नीट सोय करा.

शिबिरं बंद करणं हे न्यायालयाचं काम. घरी आल्यावर पुढे काय, हे मात्र आपल्या हातात आहे. तेव्हा थोडं कामाचं सांगून थांबते. ऑपरेशननंतर ताप आला, जखमेतून पू किंवा रक्त आलं, पोटाची कळ कमी होण्याऐवजी वाढत गेली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शेक घेत बसायचं नाही. ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली आणि पोटात दुखू लागलं तर अजिबात वेळ काढायचा नाही, कारण क्वचित गर्भ नळीतच राहतो आणि ते जिवावर बेतू शकतं. तांबीनंतर पहिले काही महिने जास्त जाणं अपेक्षित असतं, पण बाई फिकट दिसू लागली, धाप लागू लागली तर रक्त तपासून घ्यायचं. गर्भाशय काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं, आणि बीजकोश ठेवणार की काढणार हे विचारायचं. गर्भाशय काढावंच लागलं तर सहा आठवडे जड उचलायचं नाही. सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिनाच की, चार-पाच दिवस अधिक.

आणि ऑपरेशनची तारीख ठरवताना आणखी एक गोष्ट ठरवून टाकायची. त्या दिवसापासून घरात पाणी कोण भरणार. आता बऱ्याच वाड्यांत नळ आले, गॅस आला, तरी उचलायचं काही ना काही असतंच. तान्हं मूल असतं, भाताचं पोतं असतं, एप्रिल-मे महिन्यात पाण्याचे हंडे असतात. मुलगा मुंबईला असेल तर त्यानं आठ दिवस रजा काढून यावं. गणपतीला रजा मिळते, तशी यालाही मागता येते. दवाखान्यात सही करायला आलेल्या माणसानं घरी येऊन कळशीही उचलावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)